हळदीचे बोट आणि माझा विजय

मित्रांनो, मी एक जुना टेपवाला कॅमेरा आहे. मीरा रोडला, पूनम सागरमधल्या वरच्या मजल्यावरच्या एका गाळ्यात, कपाटाच्या खालच्या खणात पडून असतो. स्वतःची थोरवी गाण्यासाठी तोंड उघडलेले नाही. माझे मन मला खाते, म्हणून सांगतो आहे.

मी घडलो परदेशातल्या कारखान्यात, पण मला माणसात आणले पंढरीनाथकाकांनी. लग्ने, बारशी, मालिका, मी काय काय टिपले नाही! भाईंदरपर्यंत माझे कौतुक व्हायचे आणि मी शेफारून जायचो.

२००८ साली मृणालिनीने नवा डिजिटल सिनेमा कॅमेरा आणला. ती काकांच्याच हाताखाली शिकलेली. त्याला टेप लागत नसे, एवढेसे कार्ड पुरे. त्याच सुमारास राई गावचे धर्माजी आपल्या खाडीवर सिनेमा काढायला निघाले. त्याच्या चित्रीकरणाचे काम काकांनाही हवे होते आणि मृणालिनीलाही. तिचा तर तो पहिलाच सिनेमा ठरणार होता.

धर्माजी पक्के. म्हणाले, "दोघांनी एकच बाय, एकाच उजेडात घ्या. चित्रावर नाव नको, नुसता क आन् ख लिवा. जा आवडल, त्याचा मानूस सिनेमा करल."

परीक्षेच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती, म्हणून मृणालिनीनेही आपला कॅमेरा काकांकडे पूजेला आणला. काकांच्या आईने, विमलाबाईंनी, आम्हा दोघांना पाटावर मांडले. "पूजेला डोळे झाकलेले बरे नाहीत," असे म्हणत त्यांनी माझे झाकण काढले. नव्याचे झाकण काही त्यांना निघेना, म्हणून तो वाचला. ओल्या हळदीचे बोट माझ्या कपाळी लागायचे, ते घसरून काचेवर टेकले. त्यांनी पदराने पुसले आणि डाग आणखी पसरला. झाकण पुन्हा बसले. कोणाच्या काही लक्षात आले नाही.

दुसऱ्या दिवशी काकांच्या गाळ्यात राईची एक मावशी खिडकीशी बसली. दोघांनी तिला टिपले. मग टीव्हीवर चित्रे लागली. 'क'मध्ये सुरकुती न् सुरकुती स्वच्छ दिसत होती. 'ख'मध्ये तोच चेहरा सायीसारखा मऊ.

"ख," धर्माजी म्हणाले. "आमची बाय हितं कशी गोड हाय. पैल्यात तसा न्हाय."

नावांची चिठ्ठी उघडली. ख म्हणजे मी. मृणालिनी काकांच्या पाया पडली. "काका, तुमचा हात तो तुमचाच," म्हणाली आणि बॅग उचलून निघाली.

काकांनी मला आवरायला घेतले, काचेवरून फडके फिरवले, आणि फडके पिवळे झाले. ते मऊपण ना त्यांच्या हाताचे होते, ना माझे. मृणालिनी अजून जिना उतरत होती. एक हाक पुरली असती. काकांनी फडक्याची घडी केली आणि खिशात ठेवली.

मला बोलता येत नव्हते, हे खरे. पण मित्रांनो, त्या क्षणी मी खूश होतो, आणि त्याचीच मला लाज वाटते.

सिनेमा झाला. "ता मऊपन कुठं गेला?" असे धर्माजी चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवसापासून विचारू लागले होते. काकांनी उन्हावर ढकलले. मृणालिनीने कॅमेरा विकून टाकला आणि एका ऑफिसात नोकरी धरली.

वर्षभराने काका मला घेऊन मोरव्याला तिच्या घरी गेले. सगळे सांगितले. तिने आधी त्यांना पाणी दिले, मग शांतपणे म्हणाली, "काका, डाग आजींच्या हातून पडला. त्याचं मला काहीच नाही. पण तुम्हाला तो दिसला तेव्हा मी जिन्यातच होते ना?"

काका मला उचलून निघाले. गाळ्यात परत आल्यावर त्यांनी मला या खणात ठेवले. त्यानंतर त्यांनी मला कधी हातात घेतले नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची काच रोज पुसत जा. आणि पुसताना फडक्यावर काही उमटले, तर ज्याचे नुकसान झाले त्याला लगेच हाक मारा. तो अजून जिन्यात असेल.