बायनाबाईंचा गुडघा

"ताट दाबून धर आन् भेऊ नको," म्हणत बायनाबाईंनी तवा एका झटक्यात ताटावर पालथा केला. बटाटा-अंड्याची जाडजूड चकती अख्खीच्या अख्खी ताटात उतरली. रिनाची पहिली चकती मोडून तिची भुर्जी झाली होती आणि तिचा नवरा अश्विन ती डब्यात घेऊन ड्यूटीवर गेला होता.

"हे स्पेनचे लोकं रोज खातेत का?" सासूने विचारलं.

"असेच लहान लहान पदार्थ खातेत म्हने आई, गप्पा मारता मारता. तापास म्हनतेत त्याले."

"म्हंजे चखना."

रिना डबा पुसू लागली. हेच वाक्य बायनाबाई मॅडमच्या बैठकीत बसून बोलल्या असत्या तर?

रिना चंद्रपुरात हाडांच्या डॉक्टर मंजुषा मॅडमच्या दवाखान्यात नर्स होती. मॅडमची मुलगी दिव्यानी स्पेनमध्ये शिकून परतली होती आणि तिच्यासाठी रविवारी स्टाफचं जेवण ठरलं होतं. प्रत्येकाने एक स्पॅनिश पदार्थ करून आणायचा. स्वस्त आणि सोप्या पदार्थांचे व्हिडिओ मॅडमनीच ग्रुपवर टाकले होते. टोमॅटो-लसूण चोळलेला भाजका पाव, पालक घातलेले छोले, असले. रिनाने बटाटा-अंड्याचं निवडलं, कारण दोन्ही घरात होतं. ऑलिव्हचं तेल मात्र कुठून आणणार? सासूने गोंडपिपरीच्या शेतातल्या जवसाचं तेल सरळ तव्यात ओतलं.

मॅडमनी बजावून सांगितलं होतं, "सासूबाईंनाही आण. दिव्यानीला सगळ्यांच्या घरच्यांना भेटायचंय." रिनाने तो निरोप घरी पोचवलाच नाही. बायनाबाई मोठ्याने बोलत, पदराला हात पुसत, मनात येईल ते तोंडावर म्हणत. यात वाईट काय होतं? काहीच नाही, हे रिनालाही कळत होतं, म्हणून तर तिला सासूच्या नजरेला नजर देववत नव्हती.

"जाय आता. गरम गरम पोचू दे," म्हणत बायनाबाईंनी डबा कापडात बांधून दिला आणि फाटकापर्यंत सोडायला आल्या.

जेवणात रिनाचाच डबा आधी रिकामा झाला. "तेल कसलं आहे हे? किती खमंग," दिव्यानी म्हणाली. "आमच्या शेतातलं जवस," रिनाने सांगितलं. केलं कुणी, ते सांगायचं राहून गेलं. राहून कसलं गेलं, तिने ते घासाबरोबर गिळलं.

"आणि सासूबाई कुठे आहेत?" मॅडमनी विचारलं.

"त्यांचा गुडघा लई दुखतो मॅडम. चालताच येत नाई."

दुखायला दात होते, डोकं होतं, पोट होतं. हाडांच्या डॉक्टरपुढे रिनाला नेमका गुडघाच सुचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम फाटकात हजर. एका हातात रिनाचा डबा, दुसऱ्या हातात तपासायची बॅग. बायनाबाई अंगणात उकिडव्या बसून खसाखसा भांडी घासत होत्या.

"अहो आई, उकिडव्या काय बसता? रिना म्हणाली, गुडघ्याने चालताच येत नाही. काल आम्ही सगळे तुमची वाट बघत होतो."

रिना दारात उभी होती. वेणी घालता घालता तिचे हात थांबले. बायनाबाईंनी मॅडमकडे पाहिलं, मग सुनेकडे. ती नजर रागाची असती तर रिनाने सोसली असती. पण त्या नुसत्या समजल्या होत्या.

"हो न बाई," त्या म्हणाल्या आणि भिंत धरून सावकाश उठल्या. "काल तं पाय टेकत नोहोता. रिना म्हने, चला, ऑटो करतो. मीच म्हनलं, मले नाई जमत."

मॅडमनी गुडघा दाबून पाहिला. जिथे दाबावं तिथे बायनाबाई कण्हल्या. मॅडमनी न उघडलेली बॅग उचलली. मग जमिनीवर बसू नका, एवढंच सांगून निघाल्या.

मॅडमची गाडी वळली तशी रिना रडायला लागली. "आई, मी..."

"राहू दे. तशीबी मी आली नसती," बायनाबाई पुन्हा भांड्यांकडे वळत म्हणाल्या. "पन बोलावलं हाये, एवढं तं सांगाचं होतं मले."

संध्याकाळी मॅडमनी दवाखान्यातून एक काठी पाठवून दिली. ती कोपऱ्यात पडून राहील असं रिनाला वाटलं होतं. पण धानाच्या रोवणीत सगळ्या बायांच्या पुढे असणारी ती बाई किराणा दुकानात काठी टेकत जाऊ लागली. शेजारणींनी विचारलं तर गुडघ्याचं दुखणं रंगवून सांगू लागली. रिनाचा जीव तुटायचा, पण कोणत्या तोंडाने अडवणार?

पौर्णिमेला दोघी बुद्धविहारात गेल्या. बायनाबाईंनी पांढरं पातळ नेसलं होतं आणि काठी हातात होतीच. पायऱ्यांपाशी रिनाला राहवलं नाही.

"आई, इथी मॅडम नाईत. ठेवा ना ते काठी."

"तुह्या दवाखान्यातली झाडूवाली बाई बसली हाये वरती," बायनाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तिनं उद्या तिथी सांगतलं तं तुही काय इज्जत राहीन?"

आणि त्या एकेक पायरीवर थांबत चढू लागल्या. रिनाने पुढे होऊन त्यांचा दुसरा हात धरला. बायनाबाईंनीही, बघणाऱ्याला खरं वाटावं इतका, आपला भार तिच्यावर टाकला.