सावली समजून पुसलेलं तळं

“अगं, शंभर तळ्यांतलं एक चुकलं तर कोण विचारतंय? आधी तुझं व्हिसा एक्स्टेन्शन तर होऊ दे यार,” गाडी रिव्हर्स घेता घेता विनय बायकोला म्हणाला.

“खाली वस्ती आहे रे.”

“पण हे फक्त तुलाच माहितीये ना?”

“तेच तर.”

आसावरी ॲन आर्बरच्या विद्यापीठात उपग्रहाच्या चित्रांवरून नेपाळातली हिमतळी रेखायची. हिमनद्या वितळतात, दगडमातीच्या नैसर्गिक बांधामागे पाणी तुंबतं आणि बांध फुटला की खालची गावं वाहून जातात. थंडीतल्या चित्रांत कड्यांच्या सावल्या पाण्यासारख्याच काळ्याकुट्ट दिसतात. त्या पुसून टाकणं हेही तिचंच काम. मागच्या थंडीत तिने अशीच एक सावली पुसली होती. आता २००६च्या मे महिन्यातलं चित्र आलं, डोक्यावर ऊन असतानाचं. सावली जागची हललेली नव्हती, शिवाय तिच्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते. एव्हाना आसावरीच्या नकाशाबरहुकूम तिकडे धोक्याचे सायरनही बसले होते. फक्त या एका खोऱ्यात सायरन नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने नीनाला सांगितलं. नीना तिची प्रोफेसर. जन्म मिशिगनचा; मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच.

“ओके. कॉल देम. टुडे,” नीना म्हणाली आणि स्वतःच नंबर लावून दिला. व्हिसाचा विषयही निघाला नाही. विनयने उगाच जीव टांगणीला लावला होता.

सायरन बसवणारा काठमांडूचा इंजिनिअर हिंदीत बोलला. “दीदी, इस साल के सायरन तो लग गए. अब अगले साल देखेंगे. तब तक ऊपर एक आदमी बिठा देते हैं, वायरलेस लेके.”

“ठंड में भी?”

“और क्या करें?”

आसावरीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. आपण पुसलेली जागा राखायला आता कुणीतरी तिथे कुडकुडत बसणार होतं.

पुढच्या फोनला तिने त्या माणसाचं नाव विचारून घेतलं. पासांग. घरी दोन मुली.

डिसेंबरात ॲन आर्बरला बर्फ पडायला लागलं. “किती थंडी ही!” म्हणायची तिची सवय सुटली, विनयला त्याचं नवल वाटलं. एका सकाळी त्या तळ्याचं नवं चित्र आलं, आकाश अगदी निरभ्र. तिने ते मोठं करत नेलं. चित्रातला एकेक चौकोन म्हणजे जमिनीवरचे पंधरा मीटर. त्यात माणूस दिसत नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी तळ्याभोवती रेघ ओढायच्या आधी तिने सगळा काठ नजरेखालून घातला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावलीतलेसुद्धा चौकोन न सोडता.