आतल्या बाजूची कडी

मित्रांनो, तुमच्या खोलीच्या दाराचा रंग तुम्ही झटकन सांगाल. पण त्या दाराची कडी आत आहे की बाहेर, हे विचारलं तर जरा थांबाल. म्हणून आज मीच बोलते. मी जुनी लोखंडी कडी. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांना नाल ठोकणाऱ्या एका लोहाराने उरल्यासुरल्या लोखंडातून मला घडवलं. घोड्याच्या खुराखाली जायची ती दारावर गेले, म्हणून मी जरा तोऱ्यातच होते.

अक्कलकुव्याजवळ एका सेवाभावी संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. तिथल्या खोलीला मला बसवलं, तेही बाहेरून. सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या मुली तिथे राहून शिकतात. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप गुजरातेत ऊसतोडीला जातात, ते होळीला परततात. संस्थेचे अध्यक्ष धुडकू अण्णा. त्यांच्या समाजसेवेचं कौतुक तालुकाभर. वसतिगृह सांभाळायला अधीक्षक ललित सर. बाजाराचा दिवस आला की दुपारी सगळ्या मुलींना खोलीत घालायचं, मला कोयंड्यात अडकवायचं आणि निघायचं, ही सरांची रीत. म्हणजे मागे घोर नको, असं ते म्हणत. त्यांना घोर नव्हता हे मात्र खरं.

सरकारी तपासणी व्हायची, नाही असं नाही. पण आधी फोन यायचा. मग मुलींच्या डोक्याला तेल, अंगात नवे कपडे आणि तोंडी स्वागतगीत. दार बाहेर उघडणारं. ते सताड उघडून भिंतीला टेकवलं की मी दार आणि भिंतीच्या मध्ये गडप. साहेब ओट्यावर बसून चहा घ्यायचे, शाल-नारळ घ्यायचे आणि सगळं समाधानकारक आहे असा शेरा मारून जायचे. माझं तोंड भिंतीकडे, साहेबांचं बशीकडे. समाधान होणारच की.

अशाच एका बाजाराच्या दुपारी भूमिका नावाची लहानगी तापाने फणफणली. मुलींनी दार वाजवलं, हाका मारल्या. वसतिगृहात मोठं माणूस एकही नव्हतं. बांबूच्या टोपल्या विकायला डोंगरातून उतरलेली कमलीबाई रस्त्याने चालली होती, तिच्या कानावर हाका गेल्या. तिने टोपल्या तिथेच टाकल्या, मला काढलं आणि पोरीला पाठीशी बांधून दवाखाना गाठला. भूमिका वाचली. पोरी कोंडलेल्या होत्या हे ऐकल्यावर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लगेच जिल्ह्याला कळवलं.

दुसऱ्या सकाळी जीप आली, आधी फोन न करता. मुलांच्या संरक्षणाचं काम पाहणाऱ्या अधिकारी ममता मॅडम उतरल्या. चहा नको म्हणाल्या. भिंतीला टेकवलेलं दार त्यांनी स्वतः ओढून लावलं आणि मी उजेडात आले. वर्षानुवर्षांच्या वापराने मी छान गुळगुळीत झाले होते. मॅडमनी माझ्यावरून बोट फिरवलं.

तोवर अण्णा पोचले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "मॅडम, आम्ही पोरीसले घरन्या पोरीसारख्या सांभाळतस. ती कडी त्यासना भलासाठेच शे."

"अण्णा, तुमच्या नातीच्या खोलीची कडी कुठल्या बाजूला आहे?"

अण्णांनी टोपी सारखी केली.

मग मॅडमनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि मुलींमध्ये फरशीवर मांडी घातली. मॅडम धडगावकडच्या, म्हणून मुलींच्या पावरी बोलीत बोलू लागल्या. इतकी वर्षं ऐकून मलाही ती बोली कळते. शेवटी मोठी रिना बोलली. डोंगरातल्या मुली सगळ्यांनाच अरेतुरे करतात. त्यावरून सरांची बोलणीही खायच्या.

"आम्ही सांगितलं तर तू हे वसतिगृह बंद करशील. मग मला ऊस तोडायला जावं लागेल. माझी दहावी आहे."

मित्रांनो, गोष्टीचा सगळा जीव इथेच होता. मुली घाबरत होत्या त्या सरांना नव्हे, शाळा सुटण्याला.

मॅडम म्हणाल्या, "खोटं वचन देणार नाही. पण तुला घरी पाठवून हा प्रश्न मिटवू देणार नाही. आधी त्यासाठीच भांडेन."

त्या खरंच भांडल्या. ओट्यावर बैठक बसली तेव्हा एक मोठे साहेब म्हणाले की वसतिगृहाला टाळं ठोकून मोकळं व्हावं. मॅडमनी विचारलं, "कोंडलं सरांनी आणि शिक्षा रिनाला का?" साहेब पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

शेवटी सरकारने कारभार संस्थेकडून काढून आपल्या हाती घेतला. ललित सर आणि अण्णांवर गुन्हा दाखल झाला. समाधानकारक म्हणून गेलेल्या साहेबांकडेही खुलासा मागितला गेला. मुली तिथेच राहिल्या, शाळा चालू राहिली. वत्सलाबाई नावाच्या नव्या अधीक्षिका आल्या. यापुढे तपासणी न कळवता होईल असंही ठरलं.

सुताराने मला बाहेरून काढून आतून बसवलं. त्या संध्याकाळी रिनाने मला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. वत्सलाबाईंनी विचारलं, "रिना, येऊ का आत?"

"थांब, उघडते," रिना म्हणाली, आणि पुस्तकातली ओळ पुरी करूनच उठली.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, गंज चढू देऊ नका. पण त्याआधी तुमच्या दारापाशी जा आणि कडी कुठल्या बाजूला आहे ते बघा. फक्त बाहेरच असेल तर कुणा मोठ्याला विचारा, का म्हणून. नीट उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.