सतरा अंगणांची यादी

हो, मीच बोलतोय, लॅपटॉप. एका कोपऱ्याला चीर गेलेला, अर्ध्या कळांवरची अक्षरं पुसलेला. उस्ताद झन्नूननी मला मोसुलच्या बाजारातून आणलं तेव्हा मी असा नव्हतो. उस्ताद म्हणजे मोजणी खात्यातले निवृत्त मोजणीदार.

वेढ्याच्या दिवसांत कबरस्तानापर्यंत जायची सोय नव्हती. गल्लीतली माणसं मेली, ती उस्तादांनी गल्लीतल्याच अंगणांत पुरली. सतरा माणसं, सतरा अंगणं. पुढे घरं कोसळली, भिंती गेल्या, कुठलं अंगण कुणाचं ते कळेना. तेव्हा त्यांनी माझ्यावर यादी लिहायला घेतली. नाव, विहिरीपासून किती पावलं, कुठल्या दिशेला.

ती त्यांनी सेव्ह मात्र केली नाही. झडत्यांच्या काळातली भीती अंगात मुरलेली! "फाइलला नाव दिलं की ती सापडते," म्हणायचे. पान उघडंच ठेवून मला झोपवायचे, हायबरनेट की काय म्हणतात ते. सकाळी उठवलं की पान जसंच्या तसं समोर. मला त्याचा काय अभिमान वाटायचा, सांगू!

एका दुपारी उस्तादांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. मी झोपलेलाच होतो.

तिसऱ्या दिवसापासून गझवानची आई दारात. तिला सगळे उम्म गझवान म्हणतात. वेढ्यात ती नदीपलीकडे अडकली होती आणि तिच्या तरण्याताठ्या पोराला उस्तादांनीच पुरलं होतं; कुठल्या अंगणात, ते फक्त त्या यादीत.

"बतूल, उघडलंस का गं ते? गुरुवारी ढिगारा उपसायला यंत्र येतंय."

"चार्जच होत नाही बाई. हाझिमकडे पाठवते."

बतूल ही उस्तादांची बायको. यादीबद्दल तिनेही हाझिमपाशी चकार शब्द काढला नाही. भीती तिलाही होतीच.

हाझिम उस्तादांचा जुना दोस्त, त्याचं दुरुस्तीचं दुकान. बतूलने माझ्यासोबत कुब्ब्यांची, म्हणजे खिमा भरलेल्या वड्यांची ताटली पाठवली. आता ताटली रिकामी परत करायची म्हणजे नाकच कापलं गेलं! त्याने तीत खजूर भरले. आणि मीही तसाच जाऊ नये म्हणून चार्जिंगची पिन बसवता बसवता माझी जुनी रॅम काढून दुप्पट मोठी घातली. बिचारा.

मी झोपेतून उठलो तर आतलं घरच बदललेलं. झोपताना जुन्या रॅमच्या मापाने मांडून ठेवलेलं काही म्हणता काही जुळेना. पडदा निळा पडला, मी कोसळलो. पुन्हा उठवलं, पुन्हा कोसळलो.

"अरे, उस्तादांचा लाडका ना तू? असं काय करतोस?"

तिसऱ्यांदा मी विचारलं, आधीचं टाकून नव्याने सुरू होऊ का? रोज दुकानातल्या दहा लॅपटॉपना म्हणतो तसं तो मला 'हो' म्हणाला.

हाझिमच मला घरी घेऊन आला, आणि मी चटकन जागा झालो. स्वच्छ, रिकामा.

"कुठाय?" उम्म गझवानने विचारलं.

बतूलने तेव्हा कुठे यादीचं सांगितलं, आणि हाझिमने कपाळावर हात मारला. "वहिनी, आधी बोलला असतात तर! आता काहीच परत येणार नाही हो." आणि तो तिथेच रडायला लागला.

शिव्या मला द्या, त्याला देऊ नका. आणि एवढं ऐका, कुणाचा जीव अडकलाय असं काही लिहीत असाल तर ते सेव्ह करा, शेजाऱ्याला सांगून ठेवा. माझ्यासारख्याच्या झोपेवर विसंबू नका.

गुरुवारचं बतूल हाझिमला सांगत होती, तेव्हा मी टेबलावरच होतो. यंत्र पहिल्या अंगणाशी आलं आणि उम्म गझवान त्याला आडवी गेली. चालक खाली उतरला.

"आई, तुमचा मुलगा इथे आहे का?"

"माहीत नाही रे."

"मग सरका, आई."

ती सरकली, आणि पुढच्या अंगणापुढे जाऊन उभी राहिली.