शेजारती झाल्यावरचा हॅलोजन

सुरुचीने खिडकीला दुसरी चादर ठोकली, तरी पाळण्यावर पांढरा उजेड यायचाच. पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या त्यांच्या बिल्डिंगसमोर सोसायटीचं विठ्ठलमंदिर, आणि त्याच्या कळसाखाली नवा हॅलोजन! बाळ रात्रभर किरकिरायचं. नवरा जितेंद्र शाळेची बस चालवायचा. त्याचाही डोळ्याला डोळा लागत नव्हता.

शेवटी ती सेक्रेटरी दत्तारामांकडे गेली.

"काका, रात्री तेवढा हॅलोजन बंद करा ना. आज सिग्नलला ह्यांना डुलकी लागली. मागे मुलं होती हो!"

"अगं, देवाच्या दारात काळोख? भलतंच! आणि चोरी झाली तर? जाड पडदा लाव."

"दोन चादरी लावल्यात. आता आत उकडून मरतोय."

दत्ताराम मनाने वाईट नव्हते. हॅलोजन त्यांनी भक्तीनेच लावला होता. पण 'मागे मुलं होती' हे शब्द पाठ सोडेनात. संध्याकाळी राघोबुवांच्या कीर्तनात त्यांचा टाळही दोनदा चुकला.

कीर्तनानंतर शेजारती झाली. दत्तारामांनी देवाला दूध दाखवलं, शाल पांघरली, समईची वात बारीक केली, पडदा ओढला. बाहेर येऊन सवयीने हॅलोजनचं बटण दाबलं. समोरच्या बिल्डिंगवर आदळून उजेड आत आला आणि गाभाऱ्याचा पडदाही लख्ख उजळला.

चिपळ्या पिशवीत ठेवता ठेवता राघोबुवा समोरच्या खिडकीतलं बाळाचं रडणं ऐकून थांबले. "दत्ताराम, आत्ताच निजवलंत ना देवाला?"

"हो बुवा."

"मग तोंडावर हा सूर्य कशाला?"

"देवाला कसला आलाय त्रास!"

"अस्सं! मग शाल कशाला घातलीत? वात कशाला बारीक केलीत?" बुवा हसले. "अहो, दिवस त्याने केला, तशी रात्रही त्यानेच केली ना? गाभाऱ्यातला अंधार तुम्हाला पवित्र वाटतो, आणि तोच लेकराच्या पाळण्यावर अशुभ?"

"पण चोर, बुवा..."

"कुलपावर लहानसा दिवा लावा, खाली तोंड करून. चोर कुलपाशी येणार, पाळण्याशी नाही!"

वरच्या खिडकीतून बाळाचं रडणं अजून येतच होतं. दत्तारामांनी मान वर करून तिकडे पाहिलं. अरे, ज्याला निजवायला आपण रोज शेजारती म्हणतो, तो तर तिथे वर जागा आहे!

त्यांनी बटण बंद केलं.

अंधार अंगावर आला. क्षणभर त्यांनाच भीती वाटली. रडणं काही थांबेना. ते पायरीवर चुळबुळत बसले. हळूहळू डोळे अंधाराला सरावले. आधी पायऱ्या दिसल्या, मग अशोकाचं झाड, पाण्याच्या टाकीवर एक चांदणी. वर कुणीतरी खिडकीची चादर काढली. खाडीवरून वारा आला. रडण्याची कुरकुर झाली, कुरकुरीचा हुंकार झाला, आणि मग काहीच ऐकू येईना.

"निजला," दत्ताराम पुटपुटले आणि त्यांनी नकळत हात जोडले.

बंधूंनो, भगिनींनो, दारात दिवा जरूर लावा. पण त्याचा उजेड वाटेवर पडू द्या, कुणाच्या मिटलेल्या डोळ्यांवर नको. रात्र हाही देवाचाच प्रसाद आहे. शेजाऱ्याच्या वाट्याचा आपण का अडवावा?