मनगटावरचा पतंग

मनगटावर बसलेला पतंग लेकीने झटकला आणि तो टेबलावर पडताच त्याच्यावर पेला उपडा घातला.

"बाबा, खिडकी लावा आधी!"

वडिलांनी खिडकी ओढून घेतली. तिने पेल्यात निरखून पाहिलं. जंगल खात्यात ती झाडांची कीड तपासायची. हाच तो तपकिरी पतंग. याच्या अळ्या पाइनच्या सुया खाऊन उभं झाड बोडकं करतात. ज्या राईत त्याची मादी अंडी घालील ती राई सरसकट तोडायची, असा हुकूम होता. वडिलांची राई घरामागेच होती. आई गेल्यावर लावलेली, पोटच्या पोरासारखी वाढवलेली.

"राईत सुया झडल्यात का हो कुठे?"

"थोड्या झडणारच की," वडील तिच्याकडे न बघता म्हणाले.

तेवढ्यात दाराच्या फटीतून आणखी दोन पतंग आले. दिव्याकडे न जाता ते खुंटीवरच्या तिच्या कोटाला चिकटले. तिने कपाळाला हात लावला. सापळ्यात मादीच्या वासाची गोळी ठेवतात. ती चिमट्यानेच धरायची. आज घाईघाईत तिने ती हाताने धरली होती आणि हात कोटाला पुसले होते.

"मीच आणलेत हे! वासावर आलेत माझ्या मागोमाग. वासाला फक्त नर भुलतात. ह्यांच्या मिशा बघा, पिसासारख्या. मादीच्या साध्या असतात, दोऱ्यासारख्या."

"म्हणजे राईला काही नाही?"

"तसंच दिसतंय."

वडिलांच्या जिवात जीव आला.

"एवढी स्थळं तर तुला लग्नाच्या वेळीही आली नव्हती," म्हणत ते हसले आणि राईत चक्कर मारायला गेले.

तिने कोट पिशवीत घट्ट बांधला, हात दोनदा धुतले. वडील गुणगुणत परत आले आणि चपला काढायला वाकले. त्यांच्या पाठीवर एक पतंग बसला होता. आकाराने मोठा, जड, जागचा न हलणारा. त्याच्यामागे सदऱ्यावर बारीक हिरवट दाण्यांची ओळ उमटत होती.

"बाबा, हलू नका."

वडील वाकलेलेच राहिले. मग त्यांनी मागे न बघताच विचारलं,

"मिशा कशा आहेत गं त्याच्या?"