न वाचलेला शेवट

मी एक रहस्यकादंबरी बोलतेय. नऊशे पानांची, उशाला घेतली तर मान अवघडेल अशी. माझ्या कव्हरवर रक्ताने माखलेली किल्ली आहे आणि वर सोनेरी अक्षरांत 'तिसावी आवृत्ती'. त्या सोनेरी अक्षरांचा मला कोण तोरा होता!

पुण्यात नोकरी करणाऱ्या ईराने मला रायपूरला, बूढापारा वस्तीतल्या आपल्या आजी-आजोबांकडे आणलं. "आजी, सब यही पढ़ रहे हैं," म्हणत तिने मला कुसुमआजींच्या मांडीवर ठेवलं.

या घराची एक रीत मला कपाटातल्या जुन्या पुस्तकांकडून कळली. लग्न झाल्यापासून दोघं रहस्यकथा मिळून वाचत. जेवणं झाली की श्रीपादराव मोठ्याने वाचायचे आणि शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटायचं. मग दोघांनी खुनी कोण ते सांगायचं. हरेल त्याने चहा करायचा. श्रीपादरावांना चहा करायचा भारी कंटाळा, म्हणून ते जीव तोडून खुनी शोधत. त्या पुस्तकांच्या पानांवर चहाचे डाग अजून आहेत. मला त्यांचा फार हेवा वाटला.

पुढे श्रीपादरावांची दृष्टी गेली आणि वाचन थांबलं. कुसुमआजींनी खूप विनवलं, तेव्हा कुठे ते मला ऐकायला तयार झाले. "पण हे जमलं नाही, तं पुन्हा मले पुस्तकाचं नाव सांगू नको," त्यांनी बजावलं.

कुसुमआजी वाचू लागल्या आणि मला माझीच लाज वाटू लागली. इन्स्पेक्टरचा कोटच किती पानं चालला होता! एका जेवणावळीला तर अख्खं प्रकरण. "हा तपास करून राहिला का पंगत वाढून राहिला?" श्रीपादराव वैतागायचे. तरी दुपार झाली की तेच आधी खुर्चीत येऊन बसत.

शेवटच्या प्रकरणापाशी मला मिटण्यात आलं. "कम्पाउंडर," श्रीपादराव म्हणाले. "विधवा," कुसुमआजी म्हणाल्या. मग त्यांनी मला उघडलं, नजर पुढे धावली आणि शेवटावर अडली.

खुनी होता मेलेल्या माणसाचा जुळा भाऊ. त्याआधी त्याचं नावही माझ्यात कुठे नव्हतं.

"काहून थांबली? वाच ना."

कुसुमआजींनी मनानेच सांगायला सुरुवात केली. कम्पाउंडरच खुनी. त्या कंटाळवाण्या जेवणावळीतली एक उष्टी वाटी उचलून त्यांनी तिचा पुरावा केला. विधवेला रडवलं, इन्स्पेक्टरला चुकवलं. मी थक्क होऊन ऐकत होते. हे सगळं माझ्यात व्हायला हवं होतं.

श्रीपादराव हळूच म्हणाले, "कुसुम, मघापासून तू एकही पान नाही उलटलं."

कुसुमआजींचा चेहरा उतरला.

"काय आहे पुस्तकात?"

"जुळा भाऊ आहे. आत्ताच आला."

"नऊशे पानं बसवून ठेवलं, अन् जुळा भाऊ?" श्रीपादराव असे भडकले की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. कुसुमआजी मला मिटून उठल्या. आता या घरात पुन्हा पुस्तक उघडणार नाही, असंच आम्हा दोघींना वाटलं.

"कुठं चालली? बस." त्यांचा आवाज निवळला होता. "तू सांगितलं ते बरं होतं. उद्या पहिल्यापासून सांग, तुझ्या मनानं. पण खुनी बदल. मले फुकटात जिंकायचं नाही."

"अन् हे पुस्तक?"

"ते राहू दे हातात. पानं उलटत जा. त्याशिवाय वाचल्यासारखं नाही वाटत मले."

तेव्हापासून मी रोज दुपारी उघडते. माझं एक अक्षरही कोणी वाचत नाही, आणि एवढं सुख मला तीस आवृत्त्यांनीही दिलं नव्हतं. वाचकहो, माझ्या बहिणी तुमच्याही घरी असतील. त्यांनी तुमची निराशा केली असेल तर माफ करा, पण त्यांना रद्दीत घालू नका. शेवटचं प्रकरण आलं की मिटा आणि शेजारच्या माणसाला विचारा, खुनी कोण. मला मात्र एवढ्यात कपाटात ठेवू नका. श्रीपादरावांना खुनी अजून सापडलेला नाही.